अन्वर अली, मोहन बागान ते ईस्ट बंगाल: गद्दारी म्हणायची की करारातली फट?

लेले_मैदान

भारताचा बचावपटू अन्वर अली कोलकात्याच्या मोहन बागानमधून त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालमध्ये गेला. त्याचं नाव निघालं की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर अजूनही हिरवे-मरून (बागान) आणि लाल-पिवळे (ईस्ट बंगाल) असे दोन तट पडतात. "गद्दार" हा शब्द पहिल्या पाच मेसेजांत येतो, करारात काय होतं हे मात्र पन्नासाव्या मेसेजपर्यंत येत नाही. म्हणून हा धागा उघडतोय. आधी घटनाक्रम, मग भांडू.

अन्वरचा मूळ करार दिल्ली एफसीशी. २०२३ मध्ये दिल्लीने त्याला मोहन बागानला लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना दिलं, तेही चार वर्षांसाठी. २०२३-२४ च्या मोसमात बागानने आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) शील्ड जिंकली, त्या बचावफळीत तो होता. जुलै २०२४ मध्ये त्याने लोनचा करार एकतर्फी मोडला, दिल्लीकडे परत गेला आणि तिथून ईस्ट बंगालशी पाच वर्षांचा करार केला. म्हणजे गाडी हावड्याहून दिल्लीला गेली आणि परत कोलकात्यातच उतरली, फक्त पलीकडच्या फलाटावर.

१० सप्टेंबर २०२४ ला एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) प्लेयर्स स्टेटस कमिटीने निकाल दिला. खेळाडूवर चार महिने बंदी. खेळाडू, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या तिघांनी मिळून बागानला १२.९० कोटी रुपये द्यायचे. त्यात ८.४० कोटी उरलेल्या कराराची किंमत, २ कोटी आधी भरलेली लोन फी आणि २.५० कोटी नुकसानभरपाई. शिवाय दोन्ही क्लबांना दोन विंडो (नोंदणीचे ठरलेले काळ) नवीन खेळाडू नोंदवायला मनाई. प्रकरण लगेच दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. आदेशाला सविस्तर कारणं जोडलेली नव्हती, हाच मुद्दा पुढे आला. कमिटीने आदेश मागे घेतला, नव्याने सुनावणी ठरली आणि तो ईस्ट बंगालकडून खेळायला मोकळा झाला.

माझं मत आधीच सांगतो. या प्रकरणात खेळाडूपेक्षा चार वर्षांचं लोन लिहिणारे जास्त दोषी आहेत. खोडून काढा.

खानापूर_रोड

बरोबर हाय. चार वर्षांचं लोन म्हणजे लोन न्हवं, विक्रीच की वो ती. विक्री हाय तर विक्रीचे पैसे द्या आणि नाव लावून घ्या. कागदावर मालक एक आणि मैदानावर मालक दुसरा, असं ठेवलं की कधीतरी हे होणारच.

वकील_शहापूर

दादा, तुमच्या वाक्यात अर्ध कायद्याचं आणि अर्ध मैदानाचं आहे. दोन्ही वेगळं करून बघू.

लोनवर जाणाऱ्या खेळाडूचे एका वेळी दोन करार असतात. मूळ क्लबशी असलेला करार लोनच्या काळापुरता स्थगित राहतो आणि लोन घेणाऱ्या क्लबशी स्वतंत्र करार होतो. त्यामुळे "तो बागानचा नव्हताच, दिल्लीचा होता" हा बचाव पुरा पडत नाही. बागानशीही त्याची सही होती आणि पगार बागान देत होतं.

आता लोनची मुदत. फिफाने १ जुलै २०२२ पासून लोनचे नियम आवळले. एका लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि लोनवर आलेल्याला पुढे तिसऱ्या क्लबला लोनवर देता येत नाही. पण हे थेट लागू झालं ते आंतरराष्ट्रीय बदल्यांना. देशांतर्गत लोनसाठी प्रत्येक राष्ट्रीय संघटनेला आपले नियम जुळवून घ्यायला तीन वर्षं दिली होती. दिल्ली ते कोलकाता ही देशांतर्गत बदली. २०२३ चा करार नेमका त्या तीन वर्षांच्या पोकळीत बसतो. दिल्लीच्या बाजूने "चार वर्षांचं लोन मुळातच चालत नाही" असं म्हटलं गेलं आणि बागानच्या बाजूने "सही तुम्हीच केली होती" असं. दोघांच्या हातात काहीतरी होतं.

चार महिने आणि दोन विंडो हे आकडे कुठून आले, तेही बघा. फिफाच्या बदली नियमावलीत कलम १७ आहे. वयाची २८ वर्षं पूर्ण होण्याआधी करार केला तर पहिली तीन वर्षं, त्यानंतर केला तर पहिली दोन वर्षं हा "संरक्षित काळ". या काळात योग्य कारणाशिवाय करार मोडला तर खेळाडूला चार महिने बंदी, प्रकरण गंभीर असेल तर सहा. त्याला फूस लावणाऱ्या क्लबाला सलग दोन नोंदणी विंडो बंद. अन्वर सही करताना २२-२३ वर्षांचा, करार मोडला पहिल्या वर्षानंतर. म्हणजे संरक्षित काळाच्या अगदी मध्यात. कमिटीने शिक्षा हवेतून काढली नव्हती. चूक झाली ती कारणं न लिहिण्याची. कारणं न लिहिलेला आदेश उच्च न्यायालयात टिकत नाही, मग तो फुटबॉलचा असो वा जमिनीचा.

निपाणीकर

वकीलसाहेब, कलमं मान्य. पण मोसमाच्या तोंडावर जुलैत मधला बचावपटू गेला की त्या संघाचं काय होतं, हे कलमात लिहिलेलं नसतं.

तो नुसता चेंडू उडवणारा स्टॉपर नाही. मागून लांब, तिरपा पास देऊन खेळाची सुरुवात करणारा आहे. कॉर्नरला पुढे जाऊन हेडर मारतो तो वेगळाच. असा माणूस असला की प्रशिक्षक मधल्या फळीतला एक जण आणखी वर खेळवू शकतो, कारण चेंडू बाहेर काढायला खाली यावं लागत नाही. तो गेला की फक्त एक जागा रिकामी होत नाही, तीन जणांची कामं बदलतात. भारतीय मधल्या बचावपटूंचा बाजार आधीच आटलेला, त्यात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. बदली शोधायची तर परदेशी कोटा बचावावर खर्च करायचा आणि पुढे एक कमी ठेवायचा. १२.९० कोटी मिळाले असते तरी त्या विंडोत त्या पैशाचा माणूस मिळाला नसता.

म्हणून मी त्याला दोष देतोच. एक वर्ष थांबून, बोलणी करून गेला असता तर गोष्ट वेगळी.

कॅम्पातला_गोलकीपर

शत्रूच्या गोटात जाण्याची गोष्ट निघाली की सगळे बार्सिलोनाहून रेआल माद्रिदला गेलेल्या फिगोचं नाव घेतात, पण ती बदली कायद्याने कशी झाली हे क्वचितच कुणी सांगतं. अन्वरच्या उलट, तिथे करार मोडण्याची किंमत आधीच छापलेली होती.

स्पेनमध्ये १९८५ चा शाही हुकूम आहे, क्रमांक १००६. खेळाडू नुकसानभरपाई देऊन करार संपवू शकतो, असं त्यात आहे. म्हणून तिथे प्रत्येक करारात एक आकडा असतो. फिगोच्या बार्सिलोना करारात तो १० अब्ज पेसेटा होता. एका युरोला १६६.३८६ पेसेटा या दराने साधारण ६ कोटी युरो. तेवढे भरले की बार्सिलोनाची परवानगी लागतच नाही. क्लबाने "विकत नाही" म्हणून काही उपयोग नाही.

पुढचा डाव निवडणुकीचा. रेआल माद्रिद सभासदांच्या मालकीचा क्लब, अध्यक्ष मतांनी निवडतात. जुलै २००० च्या निवडणुकीत फ्लोरेंतिनो पेरेझने फिगोच्या एजंटशी आधीच करार करून ठेवला, त्यात मागे हटल्यास दंडाचं कलम. वर सभासदांना जाहीर वचन दिलं: फिगो आला नाही तर तुमच्या मोसमाच्या तिकिटाचे पैसे मी भरतो. तेव्हाचा अध्यक्ष लोरेन्झो सान्झ सलग दोनदा नाही पण तीन वर्षांत दोनदा युरोपियन करंडक आणून बसला होता, तरी हरला. मग फिगोला परतीची वाट उरली नाही. २४ जुलै २००० ला तो माद्रिदमध्ये पांढरा शर्ट घेऊन उभा होता.

२१ ऑक्टोबर २००० ला तो पहिल्यांदा कॅम्प नोऊवर, बार्सिलोनाच्या मैदानावर, आला. बार्सिलोनाने २-० ने जिंकलं आणि कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या. डुकराचं मुंडकं फेकलं ते त्या सामन्यात नाही, दोन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २००२ ला, तो कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा. पंचांनी खेळ थांबवला होता. सामना ०-० सुटला. हे दोन सामने आपल्याकडे नेहमी एकत्र कालवले जातात.

शिकण्यासारखी गोष्ट ही की करारात बाहेर पडायची किंमत लिहिलेली असेल तर भांडण स्टेडियममध्ये होतं, कोर्टात होत नाही.

अनगोळ_नाका

आणि किंमतच नसेल तर? सोल कॅम्पबेल बघा.

टॉटनहॅममध्ये शाळकरी वयापासून वाढलेला, कर्णधार. २००१ च्या उन्हाळ्यात करार संपला. जुलै २००१ मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलने त्याला पत्रकारांसमोर उभं केलं आणि त्यांना धक्काच बसला. टॉटनहॅमला एक पौंडही नाही. हे शक्य झालं १५ डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालामुळे. त्याआधी करार संपला तरी जुना क्लब फी मागू शकत होता. बेल्जियमच्या लिएज क्लबने तसंच केलं म्हणून त्यांच्या बोसमन या खेळाडूला फ्रान्सच्या डंकर्क क्लबला जाता आलं नाही, आणि त्याने युरोपीय न्यायालयात केस लढली.

फिफाचा आजचा नियम असा: करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी खुशाल बोलणी आणि करार करू शकतो. त्याआधी बोलायचं असेल तर नव्या क्लबाने चालू क्लबाला लेखी कळवायला हवं. म्हणून जाणते क्लब दोन वर्षं उरली की करार वाढवतात नाहीतर विकतात. शेवटच्या वर्षात गेलेल्या खेळाडूची किंमत विहिरीतल्या उन्हाळ्याच्या पाण्यासारखी रोज खाली जाते.

निपाणीकर, टॉटनहॅमवाल्यांनी कॅम्पबेलला जन्मभर माफ केलं नाही. पण नियम त्याने एकही मोडला नव्हता. राग आणि नियम या दोन वेगळ्या फाइली आहेत.

निपाणीकर

@अनगोळ_नाका, हे मान्य. पण कॅम्पबेलने करार पुरा केला. अन्वरने तीन वर्षं बाकी असताना मोडला. दोघांना एका तराजूत घालू नका.

लेले_मैदान

निपाणीकरांचा हा मुद्दा बरोबर आहे, माझं पहिलं मत तेवढ्यापुरतं मागे घेतो. करार पुरा करून जाणं, ठरलेली किंमत भरून जाणं आणि करार मोडून जाणं हे तीन वेगळे रस्ते. प्रतिस्पर्धी क्लब हा चौथा मुद्दा, आणि तो कुठल्याच नियमात नाही. नियमाला ईस्ट बंगाल आणि चेन्नईचा चेन्नईयिन क्लब सारखेच.

गडहिंग्लज_९

कोलकात्याचं जाऊ द्या, आपल्याकडची गोष्ट काढूया. कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, असे सगळे तालीम संघ पेठेला बांधलेले. तिथे एका तालमीतून दुसरीकडे गेलेल्या पोराला शाहू स्टेडियमवर काय ऐकावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लजची पोरंही तिथे खेळायला जातात. आणि आपल्या पट्ट्यात खरी गुंतागुंत अशी की दोन-तीन तासांच्या आत तीन राज्य संघटना येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेत. गडहिंग्लज, कोल्हापूर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे विफात. चोर्ला घाट उतरला की गोवा फुटबॉल असोसिएशन.

निपाणीचा पोरगा कोल्हापूरच्या संघात गेला तर अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर, पण कागदावर ती आंतरराज्य बदली. हे न कळल्यामुळे दरवर्षी मोसमाच्या सुरुवातीला घोळ होतात.

अलतगा_८

हाच प्रश्न विचारायचा होता. बेळगाव जिल्हा लीगमध्ये नोंद असलेल्या, पगार नसलेल्या मुलाला कोल्हापूरच्या तालमीकडून खेळायचं असेल तर नेमकं काय काय करावं लागतं?

गडहिंग्लज_९

भावा, क्रमाने सांगतो.

आधी मुलाची नोंद कुठे आहे ते बघा. एआयएफएफची सेंट्रल रजिस्ट्रेशन सिस्टीम आहे, तिला सगळे सीआरएस म्हणतात. तिच्यात प्रत्येक खेळाडूचा एक आयडी असतो आणि त्याच आयडीवर आयुष्यभर सगळ्या बदल्या. जुन्या क्लबच्या सचिवाकडून आयडी घ्या. आयडी असताना नव्या क्लबाने दुसरा आयडी काढला तर दुहेरी नोंद होते, आणि ती सापडली की दोन्ही अडकतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मग कागद. जन्मदाखला, फोटो असलेलं ओळखपत्र, फोटो. आपल्या भागात नावाचा घोळ कायम. कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यावर इनिशियल पुढे आणि नाव नंतर, महाराष्ट्रातल्या फॉर्मवर आडनाव आधी, आणि कन्नडवरून इंग्रजीत केलेल्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडं. जन्मदाखला, आधार आणि सीआरएस या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एकच हवं. मोसम सुरू व्हायच्या आधी दोन-तीन महिने हे काम करा. आधार दुरुस्तीला लागणारे दिवस विंडोत मोजू नका.

मग अर्ज नवा क्लब टाकतो, मुलगा नाही. जुना क्लब संमती देतो, पुढे दोन्ही राज्य संघटनांची मंजुरी. एका टेबलावर कागद थांबला की विंडो बंद होते. म्हणून विंडो उघडली त्याच दिवशी अर्ज टाका, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. त्या मोसमात बाहेरच्या खेळाडूंवर काय मर्यादा आहे ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या नियमपत्रकात वाचा. ती मर्यादा भरली असेल तर बाकी सगळं होऊनही मुलगा बाकावर बसेल.

चोर्लामार्गे

गोव्याकडच्या दोन गोष्टी भर घालतो.

एका मोसमात खेळाडूची नोंद जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने फक्त दोघांकडून खेळता येतात. एखादा मुलगा बेळगाव लीगमध्ये एक सामना खेळला, मग कोल्हापुरात दोन, आणि जानेवारीत गोव्याच्या क्लबाने बोलावलं, तर गोव्यात नोंद होईल पण सामना खेळता येणार नाही. "एकच सामना खेळला होता की" हे कारण चालत नाही, एक सामनाही मोजला जातो. गावच्या जत्रेतल्या, दिवाळीतल्या निमंत्रितांच्या स्पर्धा संघटनेच्या अधिकृत स्पर्धांत धरल्या जात नसतील तर त्या यात येत नाहीत. पण हे आयोजकाच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका, जिल्हा संघटनेला विचारा.

दुसरं, हौशी आणि व्यावसायिक यातली रेघ. लेखी करार आहे आणि खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तर तो व्यावसायिक. प्रवास, जेवण, बूट यापुरते मिळाले तर हौशी. गोव्यात एक मोसम छोट्या करारावर खेळलेला मुलगा परत येऊन लगेच हौशी म्हणून नोंदवता येत नाही. व्यावसायिक म्हणून खेळलेल्या शेवटच्या सामन्यानंतर ३० दिवस जावे लागतात. हे तीस दिवस अनेक मुलांच्या लीगचे पहिले चार सामने खातात.

खानापूर_रोड

आणि कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची पद्धत? तीपण सांगा. शिबिराला बोलावतात, चार पोरांना रांगेत उभं करतात, "इथं सही कर" म्हणतात. मुदत कोरी, रक्कम कोरी. मग दुसऱ्या क्लबानं बोलावलं की कपाटातून तीन वर्षांचा करार बाहेर येतोय. अन्वरसारख्या मोठ्या खेळाडूला दिल्ली हायकोर्ट हाय. आमच्या पोराला कोण हाय?

वकील_शहापूर

खानापूरच्या दादांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. सही करण्याआधी बघायच्या गोष्टी सांगतो. फिफाची चौकट सगळीकडे लागते, तपशील एआयएफएफच्या त्या मोसमाच्या नियमावलीत बघावा.

मुदत. सामान्यतः करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा. खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर तीनच. सतरा वर्षांच्या मुलाचा पाच वर्षांचा करार कुणी दाखवला तर तीन वर्षांपुढचा भाग धरला जात नाही. सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन्ही अक्षरांत आणि अंकांत लिहिलेल्या हव्यात. कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारून मगच सही.

"मेडिकल पास झाली तरच करार लागू" असं कलम चालत नाही. मेडिकल सहीच्या आधी करायची असते. आधी सही घेऊन नंतर मेडिकलच्या नावाखाली सोडून देणं हे खेळाडूच्या विरुद्ध आहे.

पगार थकला तर काय? दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस दिले आणि तरी पैसे आले नाहीत, तर करार मोडायला योग्य कारण मिळतं. नोटीस तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर नको. नोंदणीकृत डाक आणि ईमेल दोन्ही, आणि पोचपावती जपा. नोटीस न देता निघून गेलेला खेळाडू बरोबर असूनही केस हरतो. अन्वरच्या प्रकरणातही सगळा वाद याच शब्दावर होता: योग्य कारण होतं की नाही.

एका काळासाठी दोन क्लबांशी सही केली तर ती खेळाडूची चूक धरली जाते, मग दोन्हीकडून कितीही गोड बोललेले असोत.

आणि व्यावसायिक खेळाडूला मोसमात अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळवलं असेल तर मोसम संपल्यावर १५ दिवसांत खेळाच्या कारणावरून करार संपवता येतो. हे जवळपास कुणालाच माहीत नसतं. पण यात भरपाई द्यावी लागू शकते, आणि हे उभरत्या पोरासाठी नाही, नाव झालेल्या खेळाडूसाठी आहे, हे लक्षात ठेवा.

कॅम्पातला_गोलकीपर

वकीलसाहेब, नव्या क्लबवर जबाबदारी टाकण्याचं गणित डियारा निकालानंतर बदललं ना? ते इथे यायला हवं, नाहीतर लोक जुन्या नियमावर वाद घालत बसतील.

वकील_शहापूर

हो, बदललं. फ्रान्सच्या लासाना डियाराचा रशियाच्या लोकोमोटिव्ह मॉस्को क्लबशी करार २०१४ मध्ये तुटला, त्याच्यावर १.०५ कोटी युरोची भरपाई बसली. बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण भरपाईचा बोजा आपल्यावर येईल म्हणून मागे हटला. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय न्यायालयाने म्हटलं की नव्या क्लबवर आपोआप जबाबदारी टाकणं आणि वाद चालू असताना आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला अडवणं हे युरोपच्या कायद्यात बसत नाही.

मग फिफाने हंगामी नियम आणले. आता नव्या क्लबाने फूस लावली हे जुन्या क्लबाला सिद्ध करावं लागतं, नव्या क्लबाला आपण निर्दोष असल्याचं दाखवावं लागत नाही. पुरावा म्हणजे काय, तर तारखा. करार मोडण्याच्या नोटिशीआधी नव्या क्लबाच्या माणसाशी झालेली पत्रं, ईमेल, आगाऊ दिलेली रक्कम. अन्वरवरचा आदेश या निकालाच्या महिनाभर आधीचा आहे.

अनगोळ_नाका

कोलकात्याला हे नवीन नाही, हे मात्र धाग्यात नोंदवायला हवं. १९८५ ला कृशानू डे आणि विकास पांजी ही जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली. १९९१ ला चीमा ओकोरी ईस्ट बंगालहून बागानला. आयएफएच्या (बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या) नोंदणीच्या दिवसांत क्लबची माणसं खेळाडूला सहीपर्यंत लपवून ठेवायची. तेव्हा ज्याच्या ताब्यात खेळाडू, त्याचा खेळाडू. आज ज्याच्याकडे कागद, त्याचा खेळाडू. ही सुधारणाच आहे.

निपाणीकर

सुधारणा आहे, मान्य. पण या सगळ्या कोट्यवधींत त्या पोराला बारा-तेरा वर्षांचा असताना ज्यांनी उभं केलं त्यांना काय मिळतं? सीमाभागातल्या क्लबांसाठी खरा प्रश्न हा आहे. आपण पोरं घडवतो, ती बेंगळुरूला, गोव्याला, कोल्हापूरला जातात आणि मैदानावर गवत मारायलाही पैसे नसतात.

वकील_शहापूर

निपाणीकर, तुमच्यासाठी नियम आहे, पण तो मागावा लागतो.

त्याला सॉलिडॅरिटी म्हणतात. खेळाडू करारात असताना फी देऊन दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे गेला की फीचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या प्रत्येक वर्षाला फीच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ या प्रत्येक वर्षाला ०.५० टक्के. चार वर्षांचा १ टक्का आणि आठ वर्षांचे ४ टक्के, मिळून ५.

उदाहरण घ्या. समजा तालुक्यातल्या एका क्लबात मुलगा १२ ते १७ अशी सहा वर्षं नोंदलेला होता. पुढे परदेशी क्लबाने त्याच्यासाठी २ कोटी रुपये फी दिली. पहिल्या चार वर्षांचा १ टक्का म्हणजे २ लाख. १६ आणि १७ या दोन वर्षांचा १ टक्का म्हणजे आणखी २ लाख. क्लबाचे ४ लाख. वर्षाच्या मध्ये मुलगा आला-गेला असेल तर महिन्यांच्या प्रमाणात. लोन फीवरही हे लागतं. करार संपून फुकट गेला तर काही नाही, कारण फीच नाही. देशातल्या देशात बदली झाली तर एआयएफएफच्या नियमांत काय आहे ते त्या वर्षी तपासा.

नोव्हेंबर २०२२ पासून हे पैसे फिफा क्लिअरिंग हाऊसमार्फत जातात, आणि तिथे आधार एकच: खेळाडूचा पासपोर्ट. म्हणजे बाराव्या वर्षापासूनच्या सगळ्या नोंदींची यादी. तुमच्या क्लबाचं नाव त्या यादीत नसेल तर गावभर साक्षीदार असले तरी पैसे येत नाहीत. आणि दावा दोन वर्षांत करायला हवा.

गडहिंग्लज_९

आपल्याकडे घोडं नेमकं इथेच अडतं. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाची नोंदच कुणी करत नाही. शाळेच्या स्पर्धा, गल्लीच्या स्पर्धा खेळवतात आणि सोळाव्या वर्षी जिल्हा लीग आली की पहिली नोंद. त्या चार-पाच वर्षांचे टक्के तिथेच बुडाले. मंडळ किंवा तालीम जिल्हा संघटनेशी संलग्न नसेल तर तीही नोंद करू शकत नाही. म्हणून आधी संलग्नता, मग दरवर्षी नूतनीकरण, मग बारा वर्षांच्या पोरांची नोंद.

खानापूर_रोड

म्हणजे ज्या वर्षी पोराला बारा पूर्ण होणार, त्या वर्षी जानेवारीतच नोंद करायची, वाढदिवसाची वाट बघायची न्हवं?

वकील_शहापूर

बरोबर. बारावा वाढदिवस ज्या कॅलेंडर वर्षात येतो, ते अख्खं वर्ष धरतात. डिसेंबरात वाढदिवस असला तरी हिशेब त्या जानेवारीपासून, पण क्लबाला पैसे मिळतात ते नोंद असलेल्या महिन्यांचेच. म्हणून डिसेंबरात नोंद केली तर अकरा महिने गेले.

लेले_मैदान

जिल्हा लीगची नोंदणी सुरू होण्याआधी प्रत्येक क्लबाच्या सचिवाने एवढं करा: २०१३, २०१४, २०१५ या वर्षांत जन्मलेल्या आपल्या पोरांची यादी काढा, जन्मदाखला आणि आधारवरचं नाव शेजारी-शेजारी लिहा, आणि जिथे अक्षर जुळत नाही तिथे लाल रेघ मारा. लाल रेघा असलेल्या पोरांच्या आई-बापाला याच आठवड्यात सांगा. यादी झाल्यावर कुणाला सीआरएसमध्ये जुना आयडी सापडत नसेल तर इथेच विचारा, पण मुलाचं नाव किंवा आधार क्रमांक धाग्यात टाकू नका.